बाळंतपणानंतरचं नैराश्य : रक्तातून येतं की घरातून?

खडीसाखर | सोमवार, रात्री १०:४०

धाकट्या बहिणीला सातवा लागलाय. रविवारी डोहाळजेवण झालं. बायका गेल्यावर मी आणि मावशी ओटीचे नारळ पिशवीत भरत होतो, तेव्हा मावशी सहज बोलून गेली, "हिच्यावर लक्ष ठेव गं. तुझ्या वेळी तुझी आई दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तुला आम्ही वरच्या दुधावर काढलं."

मी छत्तीस वर्षांची आहे आणि हे मला पहिल्यांदा कळलं.

माझं बाळंतपण २०१९ सालचं. बाराव्या दिवसापासून जे सुरू झालं ते चार-पाच महिने संपलं नाही. बाळ झोपलं तरी मला झोप नाही. अंघोळीच्या पाण्याचा आवाज आला की छातीत धस्स व्हायचं, आणि बाळाकडे बघून काहीच वाटायचं नाही. हे शेवटचं कोणाला सांगायचीही सोय नव्हती. सासरी त्याला नाव मिळालं 'बाळंतवात'. कानात कापूस, डोक्याला रुमाल, खिडकी बंद. मला वारं लागलं होतं म्हणे. पुढे एका मैत्रिणीने हाताला धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं आणि मी बरी झाले. त्यावर आज लिहायचं नाही.

लिहायचंय ते हे : नाव नोंदवताना मला विचारलं होतं, घरात कोणाला मधुमेह? कोणाला बीपी? जुळी? आईच्या बाळंतपणांबद्दल एक अक्षर नाही. विचारलं असतं तरी मला उत्तर माहीत नव्हतं, हा भाग वेगळा.

तेव्हापासून वाचतेय. २०१६ साली स्वीडनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुळ्या बहिणी आणि सख्ख्या बहिणी अशा दोन्ही जोड्या घेतल्या होत्या, सख्ख्या बहिणींची संख्या तर लाखांत. गरोदरपणातलं आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य किती आनुवंशिक, याचं उत्तर जुळ्यांवरून ५४ टक्के आलं आणि सख्ख्या बहिणींवरून ४४ टक्के. एरवीच्या नैराश्यात हाच आकडा ३२ टक्के. शिवाय त्या आनुवंशिक भागातला साधारण एक तृतीयांश फक्त या काळातल्या नैराश्याचा, एरवीच्या नैराश्याशी त्याचं नातं नाही.

५४ वाचल्यावर माझे हातपाय गार पडले. म्हणजे बहिणीला होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त का? जाणकारांनी सांगावं. आणि आईला काय विचारू? विचारू की नको?

---

प्रयोगशाळेतला_उंदीर | सोमवार, रात्री ११:५५

नाही, नाही, नाही. आधी पाणी प्या.

५४ टक्के म्हणजे 'बहिणीला होण्याची ५४ टक्के शक्यता' नव्हे. त्या लोकसंख्येत बायकाबायकांमध्ये जो फरक दिसतो, कोणाला होतं आणि कोणाला होत नाही, त्या फरकातला किती वाटा जनुकांच्या फरकामुळे, एवढंच तो आकडा सांगतो. एकट्या बाईबद्दल तो काही बोलत नाही.

भाकरीवरून सांगतो. दहा बायकांना एकाच गिरणीतलं, एकाच ज्वारीचं पीठ दिलं, तर दहा भाकऱ्यांतला फरक सगळा थापणाऱ्या हाताचा. उलट एकाच बाईला दहा गिरण्यांचं पीठ दिलं, तर सगळा फरक पिठाचा. पहिल्या खेपेला 'भाकरी हातावर अवलंबून' असा निष्कर्ष निघेल, दुसऱ्या खेपेला 'पिठावर'. दोन्ही खरे, पण आपापल्या स्वयंपाकघरापुरते.

आता स्वीडन बघा. आईबापांना मिळून ४८० दिवसांची रजा, सरकारी दवाखाना, परिचारिका घरी येऊन बघून जाणार. परिस्थिती बऱ्यापैकी एकसारखी, म्हणजे एकाच गिरणीचं पीठ. तिथे हाताचा, म्हणजे जनुकांचा, वाटा मोठा दिसणारच. तोच आकडा उचलून नंदुरबारला किंवा धारावीत लावता येत नाही.

आता थेट जनुकांत शोधायचं म्हटलं तर काय सापडतं? २०२३ साली बऱ्याच देशांतली माहिती एकत्र करून मोठं विश्लेषण झालं. नैराश्य आलेल्या अठरा हजारांवर बायका आणि तुलनेसाठी अठ्ठावन्न हजारांवर. संपूर्ण जनुकसंच चाळूनही 'हेच ते' असं बोट ठेवता येईल अशी एकही जागा मिळाली नाही. सामान्य जनुकीय फरकांनी उलगडणारा भाग १४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शेकडो-हजारो जागा, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. याच विश्लेषणात या आजाराचं एरवीचं नैराश्य, बायपोलर (मनाच्या टोकाच्या चढ-उतारांचा आजार), चिंताविकार, निद्रानाश आणि पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) यांच्याशी जनुकीय नातं दिसलं. पीसीओएसवाल्यांनी घाबरू नका, नातं म्हणजे कार्यकारणभाव नव्हे.

तात्पर्य, थुंकी पाठवून 'तुमची जनुकीय जोखीम' सांगणाऱ्या पाकिटांवर या कामासाठी पैसे घालू नका. तुमच्या मावशीने नारळ भरताना फुकटात जे सांगितलं, त्याची किंमत आज त्या पाकिटापेक्षा जास्त आहे.

---

जुनं_घड्याळ | मंगळवार, सकाळी ६:१०

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं" असं कोणी लिहायच्या आत मीच लिहिते. होतं.

माझं वय ७१. गिरगावात चाळीत वाढले. आमच्या मजल्यावरची एक लग्न होऊन आलेली मुलगी बाळंत झाली आणि पंधराव्या दिवशी बाळाला खोलीत ठेवून गॅलरीत येऊन उभी राहायला लागली. तासन् तास. पाळणा ओरडतोय आणि ही कठड्याला धरून रस्ता बघतेय. बायका म्हणाल्या, सटवाईचं काही राहिलं असेल. मग दृष्ट काढली, अंगारा लावला, आणि शेवटी भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. तीन महिन्यांनी परत आली ती हसतखेळत. औषधाने की माहेराने, देव जाणे.

सव्वा महिन्याबद्दल हल्ली दोनच प्रकारचे लेख येतात : 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' किंवा 'हा बाईवरचा अत्याचार'. मी दोन्ही प्रकारचे सव्वा महिने काढलेत. पहिलं बाळंतपण माहेरी. आई रात्री बाळ घेऊन बसायची, फक्त पाजायला उठवायची. डिंकाचे लाडू, शेक, अंग रगडायला बाई. दुसरं सासरी, कारण आई गेली होती. तीच बाज, तेच अळीव, तीच शेगडी. पण पाहुण्यांसमोर "परत मुलगीच" हे वाक्य दिवसातून चारदा कानावर. खोली तेवढीच, पण तिथून बाहेर पडायची चोरी. पहिल्या खेपेला त्याच रिवाजाने मला सांभाळलं आणि दुसऱ्या खेपेला कोंडलं.

खडीसाखर, आईला विचार. पण सरळ "तुला नैराश्य आलं होतं का" असं विचारू नकोस. "माझ्या वेळी तुझ्यापाशी कोण होतं?" असं विचार.

---

स्पष्टवक्ता | मंगळवार, सकाळी ९:३२

माझी आजी शेतात बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली. हल्ली सहनशक्तीच राहिली नाही. सगळ्याला आजाराचं नाव.

---

जुनं_घड्याळ | मंगळवार, सकाळी ९:४०

आजीला मुलं किती झाली आणि जगली किती, हे घरात विचारून या. मग बोलू.

---

तिरफळ | मंगळवार, दुपारी २:१५

गोव्यातून लिहितेय. आरोग्याच्या कामात वीस वर्षं गेली, म्हणून राहवलं नाही.

धाग्याच्या नावातल्या 'घरातून'वर आमच्याकडे जगात नावाजलेलं काम झालंय. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास, २००२ साली छापून आला. जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत गाठलं आणि बाळंतपणानंतर दोनदा भेटले, सहा-आठ आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी. बाळंतपणानंतरच्या पहिल्या भेटीत २३ टक्के बायका नैराश्यात. त्यातल्या अर्ध्याहून जास्त सहा महिन्यांनीही तशाच.

कारणं काय सापडली? पैशाची ओढाताण, नवऱ्याशी न पटणं, मारहाण. आणि मुलगी होणं. मुलगी झाली की बाकीच्या जोखमी जास्त जड व्हायच्या, मुलगा झाला की त्याच थोड्या हलक्या. म्हणजे नवरा तोच, गरिबी तीच, फक्त पाळण्यात कोण आहे यावर बाईच्या मनाचं काय होणार ते ठरतंय. हे मी आमच्या बायकांत रोज बघत होते, पण अभ्यासात छापलेलं वाचलं तेव्हा पोटात कालवलं. तुमच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली 'नकुशी' नावाच्या मुलींची नावं समारंभ करून बदलली होती, आठवतंय ना? त्या नकुशींच्या आयांना त्या सव्वा महिन्यात काय वाटलं असेल, हे मात्र कोणी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. त्या २३ टक्क्यांतल्या ७८ टक्के बायकांचा त्रास गरोदरपणातच दिसत होता. म्हणजे 'बाळंतपणानंतरचं' हे नावच फसवं आहे. पोट दिसत असताना सुरू झालेलं असतं, आपण बाळ झाल्यावर बघतो. बहिणीला सातवा महिना आहे म्हणालात, म्हणजे उशीर झालेला नाही.

संगाथ या गोव्यातल्या संस्थेने पुढे गावातल्याच साध्या बायकांना तयार करून गरोदर बायकांच्या घरी पाठवलं. डॉक्टर नाही, नर्स नाही, शेजारीण म्हणावी अशी बाई. ही पद्धत मुळात पाकिस्तानातल्या लेडी हेल्थ वर्कर म्हणजे आरोग्यसेविकांबरोबर उभी राहिली. तिथे छान परिणाम दिसला, गोव्यात माफक. पण बाईने दार उघडलं आणि बोलली, हे मी स्वतः पाहिलंय.

---

बे_एरियातली_मी | मंगळवार, रात्री ८:०५

इथे अमेरिकेत बाळाच्या डॉक्टरकडे पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या महिन्याच्या भेटीत आईला दहा प्रश्नांचा कागद देतात. मी पहिल्या वेळी सगळीकडे 'छान आहे' अशी खूण केली. नवरा शेजारी बसला होता, सासूबाई व्हॉट्सॲपवर होत्या, कशी लिहिणार? दुसऱ्या वेळी एकटी गेले आणि खरं लिहिलं.

इथे औषधही खास याच आजारासाठी निघालंय. २०१९ मध्ये पहिलं आलं, ते रुग्णालयात ठेवून ६० तास शिरेतून द्यायचे. मग २०२३ मध्ये झुरॅनोलोन नावाची गोळी, चौदा दिवसांचा कोर्स. बाजारात आली तेव्हा किंमत सुमारे १६ हजार डॉलर. मला साधी जुनी गोळीच दिली आणि तिनेच बरं वाटलं, पण ही नवी औषधं कशावर काम करतात ते कोणी सांगेल का?

आणि हो, आईला एका खेपेला साधारण सहा महिनेच राहता येतं. ती परत गेली त्या रात्री मी बाळाच्या खोलीत जमिनीवर बसून होते. याला जनुकं म्हणा नाहीतर विमानतळ म्हणा.

---

गवतीचहा | बुधवार, सकाळी ७:२०

तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचार करतो. वेळ मिळेल तसं लिहितो.

गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं चढत चढत प्रचंड वाढतात. वार पडली की काही दिवसांत धाडकन खाली. ही घसरण प्रत्येक बाळंतिणीत होते, मग आजारी काहीच का पडतात? २००० साली अमेरिकेत याचा नेमका प्रयोग झाला. आधी असं नैराश्य येऊन गेलेल्या आठ बायका आणि कधीच न आलेल्या आठ. कोणीही गरोदर नाही. औषधांनी शरीरात गरोदरपणासारखी संप्रेरकांची पातळी तयार केली आणि मग अचानक थांबवली. पहिल्या आठपैकी पाच जणींचं मन ढासळलं, दुसऱ्या आठपैकी एकीचंही नाही. संप्रेरकांचं प्रमाण दोन्ही गटांत तेच. फरक होता तो ती घसरण सोसण्यात. हा फरक बहुधा अंशतः जन्मजात. 'सहनशक्ती'वाल्या सद्गृहस्थांनी हा प्रयोग वाचावा.

वरच्या ताईंनी विचारलेली औषधं याच साखळीतली. प्रोजेस्टेरॉनपासून ॲलोप्रेग्ननोलोन नावाचं रसायन बनतं, ते मेंदूला शांत ठेवणाऱ्या 'गाबा' यंत्रणेला बळ देतं. प्रोजेस्टेरॉन पडलं की तेही पडतं. नवी औषधं तीच जागा भरतात. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मात्र सर्ट्रालिनसारखी जुनी, स्वस्त, अंगावर पाजतानाही देता येणारी औषधं बहुतेक वेळा पुरतात.

खडीसाखर यांच्या प्रश्नाबद्दल. घराण्यात मानसिक आजार असेल तर जोखीम साधारण दुप्पट होते, असं एक लाखावर बायकांची माहिती एकत्र करून २०२२ साली निघालंय. भारतात पाचातल्या एका बाळंतिणीला हा त्रास होतो असा अंदाज आहे, तोही ३८ अभ्यास एकत्र करून काढलेला. त्यामुळे 'आपल्या घराण्यातच आहे' असं वाटून घेऊ नका, शेजारच्या घराण्यातही आहे.

बहिणीसाठी कामाची माहिती :

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही तर दाखवा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासाच. थायरॉइड बिघडून आलेली मरगळ 'मन खचलंय' म्हणून महिनोन् महिने पडून राहिलेली मी पाहिली आहे. बहिणीला याआधी कधीही नैराश्य आलं असेल तर आईच्या इतिहासापेक्षा तो इतिहास मोठा.

आणि एक गोष्ट वेगळी. झोपच न लागणं, झोपेची गरजही न वाटणं, असंबद्ध बोलणं, बाळाबद्दल विचित्र शंका, भास. हजारात एक-दोन बाळंतिणींना हे होतं, तेही सहसा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि घरात बायपोलर असेल तर जास्त. ही तातडीची अवस्था आहे. बाई आणि बाळ, दोघांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बाकी बोलायला कोणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

---

नवशिका_बाबा | बुधवार, दुपारी १:०३

वाचतोय. बापांनाही होतं का? मित्रासाठी विचारतोय.

---

गवतीचहा | बुधवार, रात्री ९:४८

होतं. दहातल्या एका बापाला, असं २०१० सालच्या मोठ्या आढाव्यात आलंय, आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात जास्त. आई आजारी असेल तर बाप खचण्याची शक्यताही वाढते. मित्राला घेऊन या. मित्र नसेल तर एकटे या.

---

नवशिका_बाबा | बुधवार, रात्री ११:३०

येतो.

---

खडीसाखर | रविवार, संध्याकाळी ६:२५

सगळ्यांचे आभार. उंदीरभाऊ, भाकरी समजली. घड्याळकाकू, तुमचा प्रश्न जसाच्या तसा वापरला.

काल दुपारी आई लसूण सोलत होती. विचारलं, "माझ्या वेळी तुझ्यापाशी कोण होतं?" ती म्हणाली, "कोण असणार, तुझी आजी." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "आजी पण तशीच होती म्हणे, तुझ्या मामाच्या वेळी." म्हणजे तीन पिढ्या. मावशीलाही हे ठाऊक नव्हतं.

मग मी तो दहा प्रश्नांचा कागद काढला. एडिनबरोमध्ये तयार झालेला आहे, १९८७ सालचा, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीचा. आईला म्हटलं, तेव्हाचं आठवून उत्तरं दे. मला माहितीय, तो गेल्या सात दिवसांसाठी असतो, छत्तीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यासाठी नसतो, गवतीचहा डॉक्टर रागावतील. पण ती एकेक उत्तर देत गेली, लसूण सोलता सोलता. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तो वाचल्यावर तिने ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "हा राहू दे." मी राहू दिला. नऊ प्रश्नांतच बेरीज १९ झाली. तीसपैकी बारा-तेराच्या पुढे गेलं की डॉक्टर गाठायचा असतो.

बहिणीने तोच कागद आजचा भरला. ११. रात्री झोप नाही, आणि 'मुलगा होणार की मुलगी' यावरून सासरी चाललेली थट्टा तिला थट्टा वाटत नाहीये, हे त्यातून कळलं. मंगळवारी तिच्या डॉक्टरांकडे जाताना मी बरोबर जातेय, घराण्याचा इतिहास एका कागदावर लिहून. आजी, आई, मी. फाइलमध्ये मधुमेहाच्या रकान्याखाली जागा आहे, तिथे लिहायला सांगणार आहे.

बाळंतपण माहेरी करायचं ठरलंय. पहिल्या महिन्यात रात्रीचं एक पाजणं भावजींनी बाटलीने करायचं, म्हणजे तिला सलग चार-पाच तास झोप मिळेल. त्यांनी लगेच हो म्हटलं. त्यांच्या आईला अजून सांगायचंय.

---

जुनं_घड्याळ | रविवार, संध्याकाळी ७:०२

त्यांच्या आईला मी सांगू का? फोन नंबर व्यनि (खासगी निरोप) कर.

---

तिरफळ | रविवार, रात्री ९:१५

😄 काकू, आमच्याकडे पण दोन-तीन सासवा आहेत.

---

खडीसाखर | मंगळवार, रात्री ८:५०

जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन लिहून दिलं, मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठीही दिली. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हे मी कोणालाच विचारत नव्हते."

हिमोग्लोबिन ८.९ आलंय. आई लोखंडाच्या कढईत पालेभाजी करायला लागलीये. गोळ्या पण घ्यायच्या आहेत, हे तिला दोनदा सांगितलं.